एक खाच डावीकडे

पोस्टाच्या कोपऱ्यावर मी स्टिअरिंगचे चाक उजवीकडे फिरवले आणि गाडी क्षणभर सरळच गेली. मग पायांपाशी, पेडलांच्या वर कुठेतरी, दाराची कडी अर्ध्यावर अडकून मग पडावी तसा 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी वळली. मागच्या स्कूटरवाल्याने माझ्या कुळाचा उद्धार केला, पदपथावरच्या एका बाईने आपले कुत्रे जवळ ओढले, आणि कोपरा पूर्ववत झाला. काही मोडले नाही, कोणाला लागले नाही. पण चाक हातात फिरलेले आणि रस्त्याला त्याचा पत्ताच नसलेला असा जो क्षण मध्ये येऊन गेला, तो माझ्या तळहातांत तसाच राहिला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि बाबांचे वाक्य मला अक्षर न् अक्षर आठवले. "चाक वळलं, गाडी वळली नाही."

हे वाक्य त्यांनी जेवणाच्या टेबलावर उच्चारले होते. समोर दादा होता, दादाशेजारी वहिनी होती, आणि टेबलाच्या मधोमध, मिठाच्या भांड्याला टेकवून, गाडीची किल्ली ठेवलेली होती. जणू आरोपी तीच. आई ज्या शुश्रूषागृहात राहते त्याच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. खांबाला रंग लागला, गाडीला पोचा आला, बाबांना काही झाले नाही. दादाने अर्थातच बैठक बोलावली. तो एका मोठ्या संस्थेत मूल्यमापनाचे काम करतो, म्हणजे कोणती माणसे, कोणती यंत्रे आणि कोणते विभाग आता ठेवण्याजोगे राहिलेले नाहीत हे मृदू शब्दांत सांगतो. "बाबा, कोणी तुम्हाला दोष देत नाहीये," तो म्हणाला. दोष द्यायचा असला की तो असाच सुरुवात करतो. "हात आता पूर्वीसारखे राहत नाहीत, इतकंच. उद्या खांबाच्या जागी एखादं पोर असलं तर?" बाबांनी खूप वेळ विचार केला. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. उत्तर देण्याआधी प्रश्न नीट मांडला गेला आहे की नाही हे पाहण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. मग ते ते वाक्य बोलले. चाक वळलं, गाडी वळली नाही. दादाने वहिनीकडे पाहिले. वहिनीने ताटाकडे पाहिले. आणि दादा मला उद्देशून, बाबा समोर बसलेले असताना, हळुवारपणे म्हणाला, "अशी वाक्यं याच वयात सुरू होतात, अगं."

मी तेव्हा काय केले? मी विचार केला की दादा बरोबर असेल. आमच्या घरात मोठ्या आवाजात कोणी बोलत नाही. जो सर्वांत हळू बोलतो त्याचेच खरे मानायची आम्हांला सवय आहे. दादाने गाडी एकदा समोरच्या रस्त्यावरून फिरवून आणली होती, "गाडीत काही दोष नाही" असा निर्वाळा दिला होता, आणि बाबांची किल्ली खिशात टाकली होती. दुसरी किल्ली माझ्याकडे. ती त्याने मागितली नाही, कारण बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून गाडी कोणीतरी फिरवायला हवी होती. गाडीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत. "आईकडे न्यायला मी आहेच की. दर रविवारी," तो म्हणाला. दर रविवारी! बाबा रोज दुपारी जात. ते घर गावाबाहेरच्या टेकाडावर आहे, बस खालच्या फाट्यापर्यंतच जाते, आणि वरचा चढ बाबांच्या गुडघ्यांना झेपत नाही. आईला आता माणसे ओळखू येत नाहीत. मला ती 'बाई' म्हणते, आणि फार आदराने म्हणते. पण दुपारी कोणीतरी यायचे असते एवढे तिला कळते. त्या सुमारास ती खुर्ची खिडकीशी ओढून घेते. तिथल्या परिचारिकेने मला फोनवर सांगितले, "हल्ली दिवे लागले तरी उठत नाहीत हो खिडकीतून." आणि इकडे बाबा दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून, नाड्या बांधून दिवाणखान्यात बसलेले असत. कुठे निघालात असे विचारले तर म्हणत, "कुठे नाही. सवय आहे पायांची."

कडेला लावलेल्या गाडीत बसून मला हे सगळे एकदम दिसले, आणि जो राग आला तो तापट नव्हता. तापट राग आमच्या घराण्यात नाही. तो थंड, टोकदार आणि कामसू होता. माझा व्यवसाय जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचा आहे. एकाच ग्रंथाच्या दहा नकला समोर मांडायच्या आणि कोणत्या लेखनिकाने कुठे डुलकी घेतली, कोणत्या शहाण्याने न समजलेला शब्द 'दुरुस्त' केला, हे शोधायचे. या धंद्यात एक गोष्ट हाडीमासी मुरते: विचित्र वाटणारा पाठ बहुधा खरा असतो. सोपा, गुळगुळीत, सर्वांना पटणारा पाठ नंतरच्या कोणीतरी घुसडलेला असतो. 'हात पूर्वीसारखे राहत नाहीत' हा गुळगुळीत पाठ होता. 'चाक वळलं, गाडी वळली नाही' हा विचित्र पाठ होता, आणि तो मी, जिने यावर आयुष्य काढले त्या मी, भर टेबलावर म्हातारपणाच्या खात्यात टाकू दिला होता. मी इंजिन सुरू केले. घरी गेले नाही. पहिल्या गिअरच्या वर न जाता, कोपऱ्यागणिक श्वास रोखत, गाडी थेट गॅरेजात नेली.

गॅरेजवाला ऐसपैस माणूस होता, आणि स्वतःच्या कानांवर त्याचा गाढ विश्वास होता. त्याने बॉनेट उघडण्याआधीच निदान केले. "स्टिअरिंग बॉक्स गेला, मॅडम. आवाजावरून सांगतो. पूर्ण बदलावा लागणार."

"आवाज तुम्ही अजून ऐकलेला नाही," मी म्हणाले.

"तुम्ही सांगितला ना टक् म्हणून. टक् म्हणजे बॉक्स. टर्र असतं तर बेअरिंग म्हटलं असतं."

"आधी उघडून बघू."

"उघडायचं म्हणजे अख्खा दिवस जाईल. आणि खरं सांगू? गाडीनं नोकरी केलीय आता. तिलाही म्हातारपण आहे की नाही?"

"या घरात म्हातारपण फार लवकर घोषित होतं," मी म्हणाले. "उघडा. माझ्याकडे दिवस आहे."

त्याने माझ्याकडे जरा बारकाईने पाहिले. गिऱ्हाईक कोणत्या जातीचे आहे हे ठरवत असावा. मग एक गोणपाट पेडलांपाशी अंथरून म्हणाला, "मग मदत करा. माझं पोट आत शिरत नाही. तुमचा हात बारीक आहे. वरून दांडा खाली येतो, तो एका सांध्यात शिरतो. त्या सांध्यावर बोटं ठेवा. मी वरून चाक हलवतो. तुम्ही फक्त सांगा काय लागतंय ते."

मी दाराबाहेर गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत हात त्या अंधारात घातला. जुने ग्रीस, रबर, धुळीचा कोमट वास. लहानपणी याच जागी, बाबांच्या बुटांपाशी, माझा चेंडू घरंगळत जाई आणि तो काढायला मी अशीच आडवी होई, वरून बाबांचा आवाज येई, "ब्रेकला हात लावू नकोस, आपण अजून थांबायचं ठरवलेलं नाही." बोटांना दांडा लागला, त्याखाली सांधा लागला. गॅरेजवाला वर चाक किंचित डावी-उजवीकडे हलवू लागला. दांडा माझ्या बोटांखाली वळत होता, सांधाही वळत होता, दोघे एकत्रच. "काही नाही," मी म्हणाले. तो विजयी स्वरात म्हणाला, "म्हटलं नव्हतं? बॉक्स." "थांबू नका," मी म्हणाले, "जोराने." त्याने जोर लावला. दांडा वळला, आणि सांधा जागचा हलला नाही, आणि मग टक्. सांधा मागून आला, उशिरा, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा, जणू काही झालेच नाही अशा चेहऱ्याने. मी त्याच्याकडून खडू मागून घेतला आणि दांडा व सांधा या दोहोंवरून मिळून एक आडवी रेघ ओढली. "आता तुम्ही खाली वाका आणि मी चाक हलवते." कुरकुरत त्याने टॉर्च धरली, मान वाकडी केली. मी चाक फिरवले. पांढरी रेघ मधोमध तुटली, दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, टक् झाले, पुन्हा एक झाली.

"अरे तिच्या!" तो म्हणाला. आणि मग, माझ्या कौतुकाला पात्र होईल अशा तऱ्हेने, स्वतःचे निदान एका दमात गिळून टाकत: "बोल्ट ढिला झालाय. त्यामुळे आतल्या खाचा झिजल्या. सरळ रस्त्यावर कळणारच नाही, मॅडम. वळणावर, तेही भार पडला तरच, निसटते आणि पुन्हा धरते. कोण चालवतं ही?"

"माझे वडील."

"नशीबवान आहेत. अजून थोडं झिजलं असतं तर पुन्हा धरलं नसतं."

म्हणजे दादाच्या म्हणण्यातले ते पोर, ते काल्पनिक पोर, खरोखरच वाचले होते. आणि वाचले ते किल्ली काढून घेतल्याने नव्हे. दादाने किल्ली काढून घेऊन गाडी गिऱ्हाइकाला विकली असती, आणि ते गिऱ्हाईक एखाद्या वळणावर... मी तो विचार पुढे नेला नाही. मला त्यातून जे समाधान मिळू लागले होते ते मला आवडले नाही.

सांधा बदलायचे ठरले. गॅरेजवाला आता उत्साहात होता. चुकलेला माणूस एकतर तोंड फिरवतो नाहीतर जास्तीचे काम अंगावर घेतो, हा दुसऱ्या प्रकारचा निघाला. उघडलेच आहे तर कॉलम, म्हणजे चाकाखालचा सबंध दांडा, पूर्ण बाहेर घेऊ, वरचा बुश बघू, धुऊन ग्रीस भरू. त्यासाठी चाक काढणे आले. त्याने मधले हॉर्नचे झाकण उपटले आणि खालचा नट पाहून थांबला. नटाच्या कडा झिजून गोल झालेल्या, दांड्याच्या टोकावर हातोडीचे घाव.

"हे कोणत्या कसायानं उघडलं होतं?"

"तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी," मी म्हणाले.

तेव्हा मी शाळेत होते. हॉर्न मुका झाला होता, आणि बाबांनी एका सुट्टीच्या सकाळी अंगणात गाडी उभी करून जाहीर केले की माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू माणसाला उघडता येते. त्यांनी चाक हातोडीने काढले, हॉर्न बोलता केला, चाक परत बसवले. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना सरळ रस्त्यावर चाक डावीकडे कललेले दिसले. आईने ते पहिल्यांदा पाहिले. "अहो, तिरकं बसलंय ते." "तिरकं नाही," बाबा म्हणाले, "रस्त्याला उजवीकडे उतार आहे. पाणी वाहून जावं म्हणून ठेवतात. गाडी उताराकडे ओढते म्हणून चाक डावीकडे धरावं लागतं." स्पष्टीकरण इतके सुबक होते की पुढे ते मागे घेणे शक्यच नव्हते. तेव्हापासून आमच्यासाठी प्रत्येक रस्ता उजवीकडे उतरता झाला. दुसऱ्या गावी गेलो तरी दादा मागच्या सीटवरून विचारी, "इथेही?" आणि बाबा म्हणत, "इथेही." आई खिडकीबाहेर पाहत म्हणे, "बाई बाई, सगळ्या दुनियेचे रस्ते कलते, यांचं चाक तेवढं सरळ!" आणि बाबा इतके मनापासून हसत की त्यांना ते मान्य आहे की नाही हे कधीच कळले नाही. याच गाडीवर दादा शिकला, याच गाडीवर मी. डावीकडे किंचित झुकलेले चाक म्हणजे सरळ, हे माझ्या मनगटांना वाचायला शिकण्याइतकेच पक्के ठाऊक आहे. आईच्या त्या वाक्याचा आवाज आता जगात फक्त आमच्या तिघांच्या कानांत शिल्लक आहे. तिच्या स्वतःच्या नाही.

गॅरेजवाल्याने चाक ओढून काढण्याआधी पंच घेऊन दांड्यावर आणि चाकाच्या मधल्या भागावर समोरासमोर एकेक खूण ठोकली. "ही शिस्त आहे," तो म्हणाला. "जसं होतं तसं परत बसलं पाहिजे." मग पुलर लावून चाक सोडवले, आणि खुणांकडे, पुढच्या टायरांकडे, पुन्हा खुणांकडे पाहत हसू लागला. "मॅडम, टायर सरळ आहेत आणि चाक बघा दांड्यावर कुठे बसवलं होतं. एक खाच डावीकडे. इतकी वर्षं असंच चालवलंत? मग आता कसं बसवू? जसं होतं तसं, की बरोबर?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, फक्त इतक्या थोडक्यात कधी नाही. शतकानुशतके चालत आलेली चूक ग्रंथात तशीच ठेवावी की दुरुस्त करावी? मी यावर व्याख्याने दिली आहेत. चूक जुनी झाली म्हणून खरी होत नाही, असे म्हणून सभागृहांतल्या ज्येष्ठांना मी कायमचे दुखावले आहे. "बरोबर बसवा," मी म्हणाले, आणि मला फार बरे वाटले.

"आणि हे किल्लीचं कुलूपही कॉलमवरच आहे," तो म्हणाला. "पार झिजलंय. किल्ली हलवून हलवून फिरवता ना? आत्ताच बदलून टाकलं तर बरं. पण जुन्या किल्ल्या मग चालणार नाहीत हं. नव्या दोन मिळतील."

"बदला," मी म्हणाले. जरा लवकरच म्हणाले. त्याने मान वर करून पाहिले.

संध्याकाळी दोन नव्या किल्ल्यांचा जुडगा मला दाखवून त्याने एक खिळ्याला टांगली, एक माझ्या हातात दिली, आणि ती पर्समध्ये टाकताना पहिल्यांदाच मला स्वतःची शंका आली. पुरावा पूर्ण तपासण्याआधी निकाल लिहिणारे संपादक मी पाहिले आहेत. मी त्यांच्यावर लिहिलेही आहे, आणि गोड लिहिलेले नाही. सांधा सदोष होता हे सिद्ध झाले होते. बाबांचे हात निर्दोष आहेत हे सिद्ध झालेले नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत होते, आणि मी आत्ताच दादाची किल्ली निकामी करून टाकली होती. मी मनाशी ठरवले: गाडी दुरुस्त झाल्यावर बाबा नीट चालवतात का ते पाहू. नीट चालवली तर ही किल्ली त्यांची. नाहीतर... पुढचे वाक्य मी मांडले नाही. घरी बेसिनवर हात धुताना आरशात माझे नाक दिसले. ते दादाचे नाक आहे. ग्रीस नखांतून निघेना. किल्ली आता दादाच्या खिशाऐवजी माझ्या पर्समध्ये होती, आणि बाबा पलीकडच्या खोलीत बूट सोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोघांनाही गॅरेजात बोलावले. मागच्या बाजूला लांबट फरसबंद अंगण होते. मधून काँक्रीटची एक सरळ रेषा शेवटच्या भिंतीपर्यंत गेलेली, डाव्या अंगाला जुन्या टायरांची चळत. गॅरेजवाल्याने काढलेला सांधा वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता, आणि तो दादाला झिजलेल्या खाचा दाखवताना असा बोलत होता की पहिल्यापासून त्याला हेच वाटत होते. दादाने सगळे लक्षपूर्वक पाहिले. तो मूर्ख नाही. असता तर माझे काम सोपे झाले असते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "एक भाग खराब होता. पण त्यानं हात चांगले आहेत हे ठरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात."

"असू शकतात," बाबा म्हणाले. ते कोणत्याही बाजूचे योग्य अनुमान वाया जाऊ देत नाहीत.

ते गाडीत बसले. सीट पुढे घेतली, आरसा वाकवला, किल्लीला हात लावला, आणि थांबले. बोटांनी त्यांनी तिची कड चाचपली. मग वळून माझ्याकडे पाहिले; फार वेळ नाही, एक पायरी दुसरीवर ठेवून निष्कर्षाला पोहोचायला जेवढा लागतो तेवढाच. गाडी सुरू केली, काँक्रीटच्या रेषेवर आणली, आणि निघाले. चाक त्यांच्या हातात शांत होते, मनगटे स्थिर होती, आणि गाडी अत्यंत शांतपणे, अत्यंत स्थिरपणे, डावीकडे टायरांच्या चळतीकडे चालली. चळतीच्या अलीकडे ब्रेक लागला. ते मागे आले. पुन्हा निघाले. पुन्हा चळत.

मी दादाकडे पाहिले तर हात वर करून म्हणाला, "अगं, मी काही म्हटलंय का?" त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला नोंदवलेच पाहिजे, तिथे दुःख होते, आणि ते मला आनंदापेक्षा असह्य झाले. पर्समधली किल्ली माझ्या मुठीत रुतली होती. दिव्यांपर्यंत खिडकीत बसून राहणारी आई मला दिसली, नाड्या बांधून बसलेले बाबा दिसले, आणि हे सारे मी स्वतः, पुराव्यासकट, जाणकारांना बोलावून सिद्ध करून दिले होते. बाबा तिसऱ्यांदा मागे आले. चाकावरचे त्यांचे हात मी पाहत होते. थरथर कुठे आहे? चाचरणे कुठे आहे? डुलकी घेणारा लेखनिक एकदा इथे अक्षर गाळतो, एकदा तिथे दुसरेच लिहितो. त्याच्या चुकांना दिशा नसते. जो प्रत्येक पानावर, त्याच जागी, तीच चूक करतो, तो डुलक्या घेत नसतो. तो समोरच्या मूळ प्रतीची इमानदारीने नक्कल करत असतो. थकलेले हात कधी इकडे गेले असते, कधी तिकडे. हे हात प्रत्येक वेळी तितकेच, आणि डावीकडेच.

"उतरा बाबा," मी म्हणाले. "मला बसू द्या."

मी रेषेवर गाडी आणली, समोरच्या भिंतीवर नजर लावली, आणि मला जे सरळ वाटते तसे चाक धरून निघाले. टायरांची चळत शांतपणे माझ्या अंगावर आली. मी ब्रेक दाबला. मागे गॅरेजवाला खो-खो हसत होता. "खानदानी आहे की, मॅडम!"

"पुन्हा एकदा," बाबांचा आवाज आला. ते काँक्रीटच्या रेषेवर, पाठीशी हात बांधून, फळ्याशी उभे राहत तसे उभे होते. मी पुन्हा गेले, पुन्हा चळत. त्यांनी मान हलवली आणि गॅरेजवाल्याला विचारले, "तुम्ही चाक हलवलंत का?"

"एक खाच उजवीकडे घेतलं, सर. आता अगदी बरोबर आहे. आधी तिरकं होतं."

बाबांनी बुटाच्या टोकाने ती काँक्रीटची रेषा चाचपली. "म्हणजे," ते म्हणाले, "रस्ता कलता नव्हता."

"बाबा," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा, टेबलावरचा नव्हे तर मागच्या सीटवरचा, होता, "मी लायसनच्या परीक्षेत नापास झालो होतो. परीक्षकांच्या गाडीत. सारखा डावीकडे जातो म्हणून."

"आठवतं. मी परीक्षकाला पत्र लिहिणार होतो. त्याच्या अंगणाचा उतार मोजण्याविषयी."

"मला वाटलं माझ्यातच काही तरी कमी आहे."

"नाही," बाबा म्हणाले. "तू बरोबर शिकलास. शिकवणं चुकलं." आणि एवढ्याने जणू एक बाब निकालात निघाली अशा रीतीने त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.

गॅरेजवाला पुढे आला. "परत होतं तसं करून देऊ का? खूण आहेच मारलेली. आत्ता होईल."

मला हो म्हणायचे होते. सगळी व्याख्याने, सगळे दुखावलेले ज्येष्ठ बाजूला ठेवून मी त्या क्षणी ती जुनी चूक आनंदाने परत बसवून घेतली असती. बाबा आत्ता, या घडीला, टेकाडावर पोहोचावेत एवढेच मला हवे होते. पण बाबांनी मान हलवली. "नको. सरळच राहू द्या. चाक काय, कोणीही फिरवून देईल. हात मला फिरवायचे आहेत."

आणि ते पुन्हा बसले. भिंतीपर्यंत जाऊन परत, जाऊन परत. पहिल्यांदा चळतीकडे, मग चळतीच्या अलीकडे, मग इतके उजवीकडे की गॅरेजवाला तेलाच्या ड्रमामागे उडी मारून म्हणाला, "सर, माझी बायको वाट बघतेय हो घरी!" खिडकीच्या काचेतून बाबांचे ओठ हलताना दिसत होते. गाडी आमच्याजवळून गेली तेव्हा मला ऐकू आले, विद्यार्थ्याला पाठ करायला लावावे तसे ते मनगटांना सांगत होते, "रस्ता सपाट आहे. रस्ता सपाट आहे." चेहरा घामेजला, कॉलर ओली झाली. दादा दोनदा म्हणाला, "पुरे आता, दमतील ते." त्यांनी ऐकले नाही. भिंतीची सावली अंगणाच्या निम्म्यावर आली तेव्हा काँक्रीटची ती रेषा दोन्ही टायरांच्या मधोमध, जाताना आणि येताना, न ढळता राहू लागली. तरी ते थांबले नाहीत. ती तशीच राहते आहे याची खात्री होईपर्यंत फेऱ्या घालत राहिले. माझी मूठ केव्हा सुटली मला कळले नाही. मी खिडकीशी गेले आणि दुसरी किल्ली त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. त्यांनी नीट चालवून दाखवले म्हणून नव्हे. परीक्षा घेणारे आम्ही दोघेही एकाच तिरक्या चाकावर शिकलेले होतो.

दादा रुमालाने चष्मा पुसत होता. "बरं," तो म्हणाला, "मान्य. चालवा तुम्ही. पण एक करू. किल्ली माझ्याकडेच राहू दे. आईकडे जायचं असेल तेव्हा फोन करा, मी आणून देत जाईन. म्हणजे माझ्याही जिवाला घोर नको." आणि त्याने खिशातून ती जुनी किल्ली काढून दाखवली, तिच्या झिजलेल्या कडांसकट.

"ठेव की," बाबा प्रेमाने म्हणाले. "तुझ्याकडे असू दे."

आणि त्यांनी गाडी सुरू केली. दादाने हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग इंजिनाच्या आवाजाकडे पाहावे तसे बॉनेटकडे, मग माझ्याकडे. मी दार उघडून बाबांशेजारी बसले. आरशात तो लहान होत गेला; शेवटी दिसले ते असे की तो गॅरेजवाल्याला काहीतरी विचारत होता आणि गॅरेजवाला दोन बोटे वर करून समजावत होता.

पोस्टाचा कोपरा गेला, बाजार गेला, बसचा फाटा मागे पडला. चढावर कधीकधी बाबांचे मनगट डावीकडे झुकू लागे, आणि ते त्याला हळूच, पोराचा हात धरून रस्त्याच्या कडेला घ्यावे तसे, परत आणत. टेकाडाच्या वरचे ते घर दिसू लागले. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीशी खुर्ची ओढलेली होती. फाटकाच्या खांबावर आमच्या गाडीचा रंग अजून तसाच होता. बाबांनी वेग कमी केला, चाक दोन्ही हातांनी धरले, आणि वळवले.

गाडी वळली.